सुई बसत नाही तेव्हा

पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपली, होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या, की मालवणपासून अलिबागपर्यंत कुठल्याही जेटीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘इंजिन ओव्हर झालं.’ दोरी ओढून ओढून खलाशाचा खांदा भरून आलेला असतो. मोटरीच्या टोपणाखालून पेट्रोलचा उग्र वास येत असतो आणि खाली पाण्यावर रंगीत तवंग पसरत असतो. भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो चोक ओढ, दुसरा म्हणतो चोक सोड, तिसरा म्हणतो प्लग बदल. चौथा काहीच न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे होतो आणि कार्बोरेटर खोलायला बसतो. त्या चौघांत सगळ्यात महागात पडतो तो हा चौथा. कार्बोरेटर उघडावा लागतो, नाही असं नाही. पण तो सगळ्यात शेवटी. त्याआधी बाहेरून तपासण्यासारखं बरंच असतं, आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

इथे लहान आऊटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला पेचांनी आवळलेली, 2 ते 15 अश्वशक्तीची, दोरी ओढून सुरू होणारी मोटर. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेत मिलवॉकी इथे 1909 साली होडीमागे आवळायची मोटर विकायला काढली. दीड अश्वशक्ती, वजन 62 पौंड आणि किंमतही 62 डॉलर. मैत्रिणीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारून दमछाक झाली आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी दंतकथा सांगतात. ती खरी असो-नसो, मोटर चालली. मधल्या शंभर वर्षांत ठिणगीची यंत्रणा पार बदलली, धातू बदलले, मोठ्या मोटरींत इंजेक्शन आलं. लहान मोटरींत मात्र अजूनही मुख्यतः कार्बोरेटरच आहे, आणि त्याच्या पोटातली फ्लोट आणि सुईची जोडीही तीच आहे. विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत, आणि डोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने हंगेरीत, 1893 च्या सुमारास फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला. आजच्या होडीवरचा कार्बोरेटर त्याच घराण्यातला.

त्याचं काम समजलं की बिघाड शोधणं निम्मं सोपं होतं. कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला एक वाटी असते. मेकॅनिक तिला चेंबर म्हणतात. तिच्यात पेट्रोल साठतं. वरून हवा जाण्याचा मार्ग मध्येच अरुंद केलेला असतो. अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल बारीक नळीतून वर खेचलं जाऊन हवेत उडतं. यात एक अट आहे. वाटीतल्या पेट्रोलची पातळी त्या नळीच्या तोंडापेक्षा काही मिलिमीटर खालीच राहिली पाहिजे. पातळी तोंडापर्यंत चढली की हवेने खेचण्याची वाट न पाहता पेट्रोल आपणहून वाहू लागतं. ओव्हरफ्लो म्हणतात तो हाच.

पातळी सांभाळण्याची युक्ती गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखी आहे. वाटी भरत जाते तसा फ्लोट वर येतो, फ्लोटची छोटी जीभ एका सुईला वर ढकलते, सुईचं टोक पितळी भोकात जाऊन बसतं आणि पेट्रोल बंद होतं. इंजिनाने पेट्रोल खाल्लं, पातळी उतरली, की सुई सुटते आणि पुन्हा पेट्रोल येतं. म्हणून ओव्हरफ्लोच्या वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: सुई का बसत नाही? याची उत्तरं तीनच प्रकारची असतात. मागून दाब जास्त आहे, मध्ये काहीतरी अडकलंय, किंवा खालून ढकलणारा फ्लोट कमजोर झालाय.

या तिघांचं बळ किती, याचा अंदाज एकदा मनात पक्का बसवण्यासारखा आहे. उदाहरणादाखल एक कार्बोरेटर धरू. त्याच्या भोकाचा व्यास दीड मिलिमीटर आहे आणि पेट्रोल 0.3 बार दाबाने येतंय. गणित केलं तर सुईला खाली ढकलणारं बळ जेमतेम साडेपाच ग्रॅम वजनाइतकं भरतं. आता फ्लोटचं आकारमान 10 घन सेंटिमीटर आणि वजन 3 ग्रॅम धरा. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने पूर्ण बुडालेला फ्लोट सुमारे सव्वासात ते साडेसात ग्रॅम पेट्रोल बाजूला सारतो. स्वतःचं वजन वजा जाता वर उचलणारं बळ उरतं सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. फ्लोटची दांडी तरफेसारखी चालते. ती तिप्पट फायदा देत असेल तर सुईवर 13 ग्रॅम पोचतात. साडेपाच विरुद्ध 13. म्हणजे सुई बसते, पण हाताशी राखीव बळ फारसं नाही. फ्लोटला बारीक चीर जाऊन आत 2 ग्रॅम पेट्रोल शिरलं, की 13 चे 7 होतात. मागचा दाब 0.3 चा 1 बार झाला, तर साडेपाचाचे 18 होतात. सगळा तोल असा काही ग्रॅमचा आहे. त्यात वाळूचा एक कण आला तर काय होत असेल, याची कल्पना करा.

आता तपासाकडे वळू. सुरुवातीलाच एक वाटणी करावी लागते. इंजिन माणसाने ओव्हर केलंय की ते आपोआप होतंय? थंड इंजिनाला चोक लावून दोन-तीनदा दोरी ओढली, इंजिन फुर्र करून बंद पडलं आणि तरीही चोक तसाच ठेवून आणखी दहा वेळा दोरी ओढली, तर कोणतंही धडधाकट इंजिन गुदमरणार. पेट्रोलच्या प्रत्येक ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. हवेचं प्रमाण फारच घटलं की ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही. वर प्लगच्या टोकावरच्या ओल्या काजळीतून वीज आडवाटेने निघून जाते आणि ठिणगीही मरते. यात कार्बोरेटरचा काहीच दोष नसतो. चोक सोडा, पेट्रोलची नळी काढा, लाल दोरीची क्लिप काढून ठिणगी बंद करा, प्लग काढून पुसा आणि प्लग बाहेर असतानाच दोरी पाच-सहा वेळा सावकाश ओढून आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या. टू-स्ट्रोक मोटरीत हे विशेष गरजेचं, कारण तिथे जादा पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खाली, साचून राहतं. मग कोरडा प्लग लावा, क्लिप परत बसवा, थ्रॉटल बराच उघडा ठेवून चोकशिवाय ओढा. सुरू झाली आणि पुढे नीट चालली तर प्रकरण मिटलं. सुरू होताच थ्रॉटल लगेच खाली घ्यायला विसरू नका.

हे करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती उडून जात नाही, होडीच्या तळाशी, फळ्यांखाली जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी पेट घ्यायला पुरतं. प्लग बाहेर काढून, टोपी हवेत लोंबकळत ठेवून ‘ठिणगी येते का बघ’ म्हणणारे बहाद्दर जेटीवर कमी नाहीत, आणि जवळच बिडी पेटवणारेही. शक्य तर मोटर उतरवून किनाऱ्यावर, उघड्यावर काम करा. होडीतच करायची वेळ आली तर आधी तळातलं सांडलेलं पेट्रोल टिपून घ्या आणि ते फडके होडीत ठेवू नका.

दुसरा प्रकार खरा बिघाडाचा. इंजिन बंद आहे, चोक सोडलेला आहे, तरी कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकतंय. त्याची परीक्षा नळीवरच्या रबरी फुग्याने होते. टाकी आणि मोटर यांच्यामध्ये असलेला हा फुगा हाताने दाबून पेट्रोल पुढे पाठवायचं असतं. त्यावर बाण असतो; बाणाचं टोक मोटरीकडे हवं, आणि दाबताना फुगा उभा धरून बाण वर ठेवला तर आतल्या झडपा नीट बसतात. कार्बोरेटरपुढचं प्लास्टिकचं झाकण काढा म्हणजे तोंड दिसेल. आता फुगा सावकाश दाबत राहा. निरोगी मोटरीत काही वेळा दाबल्यावर फुगा टणक होतो, कारण वाटी भरते, सुई बसते आणि पेट्रोलला पुढे वाट उरत नाही. फुगा टणक होतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी जातंय. तोंडातून बाहेर येताना दिसलं तर सुई बसत नाही हे सिद्ध झालं. फुगा टणक झाल्यावरही हट्टाने जोर लावून पिळणारे असतात. मघाचं गणित आठवा: मुठीच्या जोराने चांगली सुईसुद्धा उचलली जाते, आणि मग नसलेला आजार सापडल्यासारखा वाटतो.

तोंड कोरडं आहे, बाहेर कुठे गळती नाही, तरी फुगा टणक होत नाही? मग पेट्रोल पंपावर संशय घ्या. टू-स्ट्रोक मोटरीचा पेट्रोल पंप म्हणजे एक पातळ पडदा. क्रँककेसमध्ये पिस्टनच्या हालचालीने दाब वर-खाली होतो, तो एका छिद्रातून पडद्यामागे पोचतो आणि पडदा थरथरून पेट्रोल पुढे ढकलतो. पडद्याला चीर गेली की पेट्रोल त्याच छिद्रातून थेट क्रँककेसमध्ये उतरतं. लक्षणं सगळी ओव्हरफ्लोची: ओला प्लग, धूर, मंद गतीला गुदमरणं. कार्बोरेटर मात्र निर्दोष. दोनदा, तीनदा कार्बोरेटर साफ करूनही गुण न आलेल्या मोटरींत हा पडदाच दोषी निघाल्याचं बऱ्याचदा दिसतं. पंप चार-पाच स्क्रूंवर असतो. पडदा उजेडात धरून किंचित ताणला की चीर दिसते.

आता टाकी. प्लास्टिकच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. मोटर चालताना तो उघडा हवा, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येणं थांबतं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याची उलट बाजू फारशी कुणी लक्षात घेत नाही. स्क्रू बंद, नळी जोडलेली आणि टाकी मे महिन्याच्या उन्हात! आतली वाफ फुगते, टाकीच्या कडा गोल होतात आणि तो दाब नळीतून सरळ सुईवर जातो. सकाळी ठीक चाललेली मोटर दुपारी, प्रवासी चढून बसल्यावर, गुदमरते ती यामुळे. नळीला कनेक्टर असेल तर तो काढल्यावर आतली झडप बंद होते आणि प्रश्न मिटतो. पण कनेक्टर गळायला लागला म्हणून तो काढून टाकून नळी क्लिपने कायमची आवळलेली असते, तिथे ही सोय राहत नाही. टाकी मोटरीपेक्षा उंच, आडव्या फळीवर ठेवली असेल तर पेट्रोल स्वतःच्या वजनानेही उतरत राहतं. सुई थोडी जरी झिजलेली असली तरी रात्रभरात वाटीवाटीने गळून सकाळी होडीच्या तळात पेट्रोल सापडतं. म्हणून ओव्हरफ्लो दिसला की पहिली तीन कामं अशी: हवेचा स्क्रू उघडून फुस्स आवाज येतो का ऐकणं, टाकी खाली उतरवणं, आणि मोटर सरळ उभी आहे ना हे बघणं. मोटर वर उचलून आडवी केलेल्या स्थितीत फ्लोट आपल्या जागेवर राहत नाही, त्यामुळे सुई सुटणारच. पूर्वी बजाज स्कूटर सुरू झाली नाही की लोक ती एका अंगाला वाकवायचे, त्यामागे फ्लोटला जागचा हलवून पेट्रोल आत घेण्याचाच हेतू असे. जावा-येझदीच्या कार्बोरेटरवर तर फ्लोट बोटाने खाली दाबायला टिकलर नावाची कळच दिलेली असायची. जुन्या ब्रिटिश सीगल बोटमोटरीतही तीच तऱ्हा: पेट्रोल ठिबकेपर्यंत टिकलर दाबायचा आणि मग दोरी ओढायची.

मोटर सुरू होते पण नीट चालत नाही, असा मधला प्रकारही असतो. वेगात छान, मंद केली की धूर सोडत घुसमटते. याचं कारण सरळ आहे. वेगात असताना इंजिन भरपूर पेट्रोल खातं, त्यामुळे सुईतून होणारी थोडी गळती खपून जाते. मंद गतीला खप कमी, गळती तेवढीच. याची एक सुंदर परीक्षा आहे आणि तिला कसलंही हत्यार लागत नाही. मोटर मंद गतीला चालू असताना पेट्रोलची नळी काढून टाका. वाटीतलं पेट्रोल संपत जाईल, पातळी उतरत जाईल. जर बंद पडण्याआधी काही क्षण इंजिन अचानक स्वच्छ, गोल आवाजात चालू लागलं, तर पातळी जास्त होती याबद्दल शंका उरत नाही. उलट नळी काढताच ते अधिकच डळमळलं तर रोग वेगळा आहे, पेट्रोल कमी पडतंय. तिथे या प्रकरणाचा उपयोग नाही.

सिद्ध झालं की सुई बसत नाही. तरीही लगेच खोलू नका. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन-तीन हलके टोले द्या. अडकलेली सुई किंवा घासणारा फ्लोट कधी कधी एवढ्याने मोकळा होतो. हातोडी नको, ते भांडं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. मग वाटीच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू काढून आतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. बरणी काचेचीच हवी, कारण आता आपल्याला पेट्रोल वाचायचंय. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. तांबूस गाळ म्हणजे लोखंडी टाकीचा गंज. काळे मऊ कण म्हणजे नळी आतून सोलवटतेय. बाहेरून नवीकोरी दिसणारी नळी आतून कुजलेली असू शकते. तिचं एक टोक उभं चिरून पाहिल्याशिवाय कळत नाही. पांढरी भुकटी दिसली तर खारं पाणी आत शिरून धातू खाऊ लागलंय. कण सापडले तर स्क्रू पुन्हा लावून फुगा दाबा, पुन्हा सोडा, असं दोन-चारदा धुऊन घ्या. कण सुईखालून वाहून गेला तर कार्बोरेटर न उघडताच काम होतं.

तेही जमलं नाही तर आता उघडायचा. पांढऱ्या फडक्यावर, सावलीत, वारा नसेल तिथे. वाटीचे स्क्रू काढताना खाली ताट ठेवा. फ्लोटची पिन काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक असते आणि वाळूत पडली की गेली. फ्लोट काढण्याआधी तो वाटीच्या भिंतीला कुठे घासतोय का, पॅकिंगची कड आत वळून त्याला अडवतेय का, हे पाहून घ्या. एकदा सगळं सुटं केलं की हा पुरावा नाहीसा होतो.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ झाली तर तो भरलाय. खात्री करायची असेल तर गरम पाण्यात बुडवा, पण पेट्रोल पुसून आणि शेगडीपासून दूर: आतली हवा तापून चिरेतून बुडबुडे काढते. पितळी फ्लोटला डाख देता येतो. मात्र आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय त्याच्याजवळ आच नेऊ नये, आणि जादा कथील वजन वाढवतं. मघाच्या गणितात एक ग्रॅमची किंमत आपण पाहिली आहे. प्लास्टिकचा असेल तर सरळ नवा घ्यावा. फार जुन्या जॉन्सन, एव्हिनरूड मोटरींत बुचाच्या लाकडाचे फ्लोट असत, त्यांवर लाखेचा लेप असे. इथेनॉल ती लाख विरघळवतं, मग बूच पेट्रोल पिऊन जड होतं. अशी मोटर कुणी हौसेने जपली असेल तर त्याला हे आधी सांगायला हवं.

आता सुई. तिचं टोक बहुतेक मोटरींत काळ्या रबराचं, व्हिटॉनचं, असतं. भिंगातून बघा. नवं टोक गुळगुळीत शंकूसारखं दिसतं. वापरलेल्या टोकावर, भोकाची कड जिथे टेकते तिथे, एक गोल रेघ उमटलेली असते. नुसती चकाकणारी रेघ चालेल. नखाला लागणारी खाच चालणार नाही, कारण सुई दर वेळी किंचित फिरून बसते आणि खाचेची कड भोकाच्या कडेशी जुळेलच असं नाही. रेघ एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर फ्लोटची दांडी तिरकी दाबतेय. कधी टोकावर केसाएवढा धागा चिकटलेला दिसतो, पुसायला वापरलेल्या फडक्याचाच. तेवढा धागा सुई उघडी ठेवायला पुरतो. भोकाकडे पाहताना विजेरी हवी. पितळी कडेवर हिरवट डाग किंवा चिकट पिवळा थर असेल तर कापूस गुंडाळलेली काडी पेट्रोलमध्ये, आणि फारच झालं तर पितळेच्या पॉलिशमध्ये बुडवून, दोन बोटांत हलकेच फिरवावी आणि नंतर सगळं धुऊन टाकावं. तारेने किंवा पिनेने खरवडलं की ओरखडा पडतो, आणि तो कोणत्याही नव्या सुईने भरून निघत नाही.

बाजारात कार्बोरेटरचे रिपेअर किट मिळतात, त्यांविषयी माझं मत चांगलं नाही. सगळे वाईट असतात असं नाही, पण ‘सगळ्या मॉडेलना बसतं’ म्हणून विकलेल्या किटमधला भोकाचा व्यास एकदा मोजून पाहावा. दीडऐवजी 2 मिलिमीटर निघाला तर क्षेत्रफळ पावणेदोनपटीहून जास्त होतं आणि सुईवरचं बळही तितकंच वाढतं: साडेपाचाचे पावणेदहा. फ्लोट मात्र जुनाच. किट नवं घातलं तरी मोटर ओव्हरच, असं होतं ते यामुळे. सुई आणि भोक एकाच मॉडेलचं, जोडीनेच घ्यावं.

याहून वाईट सवय म्हणजे ओव्हरफ्लो दिसला की फ्लोटची जीभ पक्कडीने वाकवणं. जीभ वाकवली की सुई लवकर बसते, पातळी खाली जाते आणि गळती थोडा वेळ थांबल्यासारखी वाटते. पण मूळ सुई गळतच असते, म्हणजे पातळी हळूहळू चढणारच. तोवर खालच्या पातळीमुळे वेगात पेट्रोल कमी पडू लागतं, आणि पेट्रोलसोबत तेल घेणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी. पिस्टन जाम होण्याचा रस्ता तो हाच. जीभ आपणहून वाकत नाही. कुणी आधी हात लावला असेल तरच ती तपासायची. कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट पॅकिंगच्या पृष्ठभागापासून ठरावीक अंतरावर असावा लागतो. पुष्कळ मॉडेलांत तो पृष्ठभागाला समांतर हवा. नेमके किती मिलिमीटर ते त्या मोटरीच्या पुस्तिकेत असतं. दुसऱ्या कंपनीच्या मोटरीचं माप इथे लावू नका.

जोडण्याआधी शेवटची परीक्षा टेबलावरच घ्या. एक स्वच्छ, कोरडा फुगा नळीने कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या तोंडाला जोडा. कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोट स्वतःच्या वजनाने सुई दाबेल. फुगा हलका दाबून धरा. हवा अडून राहिली, फुगा हाताला ताठ लागला, तर सुई बसली. सुलटा धरताच हवा फुस्स करून निघाली पाहिजे. तोंडाने फुंकूनही हे कळतं, पण पेट्रोलच्या नळीला तोंड लावू नये.

हंगामाच्या सुरुवातीलाच हे दुखणं का उफाळतं, त्याचं उत्तर वाटीत आहे. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै समुद्रबंदी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्याही पावसाळ्यात बंद असतात. दोन-तीन महिने मोटर शेडमध्ये उभी, वाटीत मेमधलं पेट्रोल. त्यातले हलके घटक उडून जातात, मागे तेल आणि डिंकासारखा थर उरतो, सुई त्यात चिकटते. देशात 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. अर्धी रिकामी टाकी कोकणच्या पावसाळ्यात दोन महिने ठेवली, तर ओल प्रमाणाबाहेर जाऊन पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि नळीचं तोंड नेमकं तळाशीच असतं. जुन्या मोटरींतलं रबरही इथेनॉलने फुगतं किंवा मऊ पडतं. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. मोटर ठेवून देण्याआधी गोड्या पाण्याच्या पिंपात चालवायची, नळी काढायची, बंद पडेपर्यंत चालू द्यायची आणि उरलेलं पेट्रोल निचऱ्याच्या स्क्रूतून काढून टाकायचं.

फोर-स्ट्रोक मोटर असेल तर आणखी एक तपासणी टाळू नका. ओव्हरफ्लोचं पेट्रोल सिलिंडरमधून उतरून खालच्या तेलात मिसळतं. तेलाची काडी काढून पाहा. पातळी खुणेच्या वर गेली असेल, तेल पातळ झालं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल बदलल्याशिवाय मोटर सुरू करू नका. तेलाची पातळी आपोआप कधी वाढत नसते.

सगळं जोडून झालं की फुगा टणक होईपर्यंत दाबा आणि मोटर तशीच पंधरा मिनिटं सरळ उभी ठेवा. कार्बोरेटरचं तोंड आणि वाटीखालचा भाग कोरड्या बोटाने चाचपा. कोरडं असेल तर पिंपात सुरू करून मंद गतीला दहा मिनिटं चालवा, मग खाडीच्या आतल्या शांत पाण्यात एक फेरी मारा. लाटांच्या हिसक्यांनी फ्लोट उड्या मारतो आणि टेबलावर बसलेली सुई तिथे सुटू शकते, म्हणून ही फेरी हवीच. त्या पहिल्या फेरीला होडीत वल्ही असू द्या, आणि प्रवासी घेऊ नका.